दीक्षा जन्माची, परवाना बिशपचा

व्हेरिअर एल्विन हे नाव मराठी वाचकाला बहुधा समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याशी झालेल्या वादामुळे माहीत असतं, नाहीतर आदिवासींवरच्या जाडजूड ग्रंथांमुळे. तो आधी पाद्री होता, हे कुठेतरी एका ओळीत येऊन जातं: मूळचे मिशनरी, पुढे चर्च सोडलं. मला ही ओळ कायम खटकायची. चर्च सोडलं म्हणजे केलं काय? राजीनामा दिला? कोणाकडे? आणि त्याने सोडलं, की त्याला सोडायची वेळ आणली?

याचं उत्तर शोधायचं तर अँग्लिकन पाद्री ही काय भानगड असते ते आधी समजून घ्यावं लागतं. आपल्याला सगळे पाद्री सारखेच दिसतात. पण वसईचे फादर आणि नगरकडच्या खेड्यातले पाळकसाहेब हे दोन वेगळ्या घरचे लोक. फादर रोमन कॅथलिक, रोमच्या पोपना मानणारे, लग्न न करणारे. पाळकसाहेब प्रोटेस्टंट, बायकामुलांसह मंडळीत राहणारे. अँग्लिकन पाद्री या दोघांच्या मधल्या ओसरीवर बसलेला असतो. पोप त्याला मान्य नाही, लग्न करायला तो मोकळा आहे, पण बिशप, झगे, दीक्षाविधी हा जुना सरंजाम त्याने ठेवलेला आहे.

ही मधली ओसरी राजकारणातून तयार झाली. १५३४ साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख स्वतः झाला. त्याचं घटस्फोटाचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक असतं, ते सोडून देऊ. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की तेव्हापासून इंग्लंडमध्ये राजा आणि चर्च एकाच गाठोड्यात बांधले गेले. आजही बिशपची नेमणूक राजाच्या नावाने होते आणि २६ बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. ही गाठ लक्षात ठेवा, एल्विनच्या पायात पुढे हीच अडकणार आहे.

आता पाद्री होतो कसा ते बघू. पायऱ्या तीन: डीकन, प्रीस्ट, बिशप. १६६२ च्या प्रार्थनासंग्रहाप्रमाणे डीकन व्हायला वय किमान २३ आणि प्रीस्ट व्हायला २४. डीकन म्हणजे एका अर्थाने उमेदवारी. तो बायबल वाचेल, उपदेश करील, पाद्री नसेल तेव्हा बाप्तिस्माही देईल. पण प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस यांच्यावर आशीर्वाद मागून ते पवित्र करणं, लोकांच्या पापांची क्षमा जाहीर करणं, मंडळीला आशीर्वाद देणं या तीन गोष्टी त्याच्या हातात नसतात. त्या प्रीस्टच्याच.

चर्चमध्ये दोघे शेजारी उभे असले तर फरक ओळखायची एक खूण आहे. गळ्यात जो लांब पट्टा असतो, त्याला स्टोल म्हणतात. प्रीस्टच्या गळ्यात तो उपरण्यासारखा दोन्ही बाजूंनी पुढे सोडलेला असतो. डीकनचा मात्र तिरका असतो, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. थेट जानव्यासारखा! ज्याने पहिल्यांदा हे पाहिलं तो मराठी माणूस गालात हसला असणार.

दीक्षेचा विधी दिसायला अगदी साधा असतो. उमेदवार गुडघे टेकतो. डीकन करायचा असेल तर एकटा बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. प्रीस्ट करायचा असेल तर बिशपबरोबर हजर असलेले बाकीचे पाद्रीही पुढे होतात आणि सगळ्यांचे हात एका डोक्यावर गोळा होतात. जुन्या विधीत डीकनच्या हाती नुसता नवा करार देत, प्रीस्टच्या हाती अख्खं बायबल. एवढंच. पण चर्चच्या समजुतीप्रमाणे त्या हातांच्या मागे आणखी हात असतात, बिशपच्या डोक्यावर ज्यांनी ठेवले त्यांचे, त्यांच्या डोक्यावर ज्यांनी ठेवले त्यांचे, असे मागे जात जात थेट ख्रिस्ताच्या शिष्यांपर्यंत. आपल्याकडची गुरुपरंपरा म्हणा ना.

आणि या विधीने बसलेला शिक्का पुसला जात नाही. हा मुद्दा महत्त्वाचा. एकदा प्रीस्ट झालेला माणूस पुढे काहीही करो, त्याची दीक्षा उरतेच. समजा, काही वर्षं दुसरं काम करून तो परत आला, तर त्याला पुन्हा दीक्षा देत नाहीत.

मग माणूस पाद्री राहत नाही, असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर? तर दीक्षा वेगळी आणि काम करायची परवानगी वेगळी. डॉक्टरचं उदाहरण घ्या. एमबीबीएसची पदवी मिळाली ती मिळाली, पण मेडिकल कौन्सिलची नोंदणी नसेल तर दवाखान्याची पाटी लावता येत नाही. पाद्र्याची नोंदणी असते बिशपच्या हातात. प्रत्येक बिशपचा एक मुलूख असतो, त्याला धर्मप्रांत म्हणतात. त्या हद्दीत काम करायचं तर त्या बिशपचा परवाना लागतो. हद्द ओलांडली की दुसरा बिशप आणि नव्याने परवाना.

इंग्लंडमध्ये याला एक पळवाट होती. तिथे पाद्र्याची सुरुवात क्युरेट म्हणून होते, म्हणजे मोठ्या पाद्र्याच्या हाताखालचा मदतनीस. पुढे तो व्हिकर किंवा रेक्टर होतो. दोघांचं काम एकच, फरक जुन्या काळच्या उत्पन्नात होता: गावच्या धान्याचा मोठा दशांश रेक्टरला, व्हिकरला बारीकसारीक उत्पन्नाचा. नेमायचा हक्क पुष्कळदा गावच्या जमीनदाराकडे किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजकडे असे, आणि हा हक्क चक्क विकला-घेतला जाई. एकदा का त्या जागेवर बसला, की ती जागा जवळजवळ वतनासारखीच. बिशपची मर्जी फिरली म्हणून व्हिकरला उठवता येत नसे, त्यासाठी चर्चच्या कोर्टात खटला चालवावा लागे. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत फुलपाखरं गोळा करत किंवा पक्ष्यांच्या नोंदी करत आयुष्य काढलेले इतके पाद्री सापडतात, त्याचं एक कारण हे वतन. पोटाची चिंता नाही, वरून कोणी विचारणारं नाही.

परवान्यावरच्या पाद्र्याला ही चैन नव्हती. परवाना घेताना दोन शपथा असत. एक बिशपच्या आज्ञेत राहण्याची, पण त्यात ‘कायदेशीर आणि प्रामाणिक अशा सर्व बाबतींत’ अशी सोय करून ठेवलेली. दुसरी राजाशी निष्ठेची. तिच्यात असली सोय नव्हती.

एवढी शिदोरी बांधून आता एल्विनकडे जाऊ.

जन्म २९ ऑगस्ट १९०२, डोव्हरचा. वडील एडमंड एल्विन हे आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप. १९०९ साली ते वारले तेव्हा व्हेरिअर सात वर्षांचा होता. आई कडक धार्मिक, बायबलचा शब्द न् शब्द खरा मानणारी. पोरगा हुशार निघाला. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्यात पहिला वर्ग, मग धर्मशास्त्रात पहिला वर्ग. दीक्षा झाली आणि पंचविशीच्या आतच तो पाद्री घडवणाऱ्या विक्लिफ हॉल या संस्थेचा उपप्राचार्य झाला. बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डचे दोन पहिले वर्ग, वर हे पद. आपल्याकडे अशा मुलाबद्दल म्हणतात तसं, याची पत्रिका मांडायचीही गरज नव्हती. कॉलेजातली नोकरी, मग एखाद्या कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, मग बिशप. रस्ता आखलेला होता.

पण तो घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत सरकला. अँग्लिकन चर्च हा एक वाडा धरला तर त्यात दोन बिऱ्हाडं राहतात. एक बायबल आणि उपदेशावर भर देणारं, साधं, कर्मकांडाला नाक मुरडणारं. दुसरं धूप, दीप, झगे, मठ, व्रतं यांच्याकडे ओढा असलेलं, रोमच्या जवळ जाणारं. १८३३ नंतर ऑक्सफर्डमध्येच या दुसऱ्या बिऱ्हाडाला जोर आला. एल्विन आईच्या बिऱ्हाडातून या दुसऱ्यात गेला. पुण्यातलं पंचहौद मिशन याच दुसऱ्या बिऱ्हाडाचं. हो, तेच पंचहौद, जिथे १८९० साली चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातबहिष्काराच्या वादाला, तोंड द्यावं लागलं. तो चहा अँग्लिकन होता, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

१९२७ साली एल्विन पुण्याला आला. जॅक विन्स्लो नावाच्या पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता. हे विन्स्लो नगर भागात बरीच वर्षं काम केलेले, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चाहते, टिळकांचं इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिलं आहे. शिवाजीनगरच्या आश्रमात गोरे आणि हिंदी सदस्य खादी घालत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवत, अनवाणी फिरत. एल्विनच्या मनातली भावना साधारण अशी होती, की आपल्या लोकांनी या देशातून पुष्कळ घेतलं, आता आपल्यातल्या एखाद्याने काही द्यायला जावं. मोठ्या घरातल्या मुलांना असं वाटतं तेव्हा घरचे घाबरतात, तसे तिथेही घाबरले असतील.

जानेवारी १९२८ मध्ये तो साबरमतीला एका सर्वधर्मीय परिषदेला गेला आणि गांधींच्या प्रभावाखाली आला. १९३० साली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा, सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणीत बसतो, असं सांगणारी पुस्तिका त्याने लिहिली. सरकारला आता तो नको तिथे दिसायला लागला. आश्रमातही कुरबुर सुरू झाली, कारण सगळ्याच सदस्यांना काँग्रेसच्या इतकं जवळ जायचं नव्हतं. १९३१ मध्ये त्याने संघ सोडला. गरिबांत जाऊन राहायचं ठरलं होतं, प्रश्न होता कुठे. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी मध्य प्रांतातले गोंड सुचवले. त्यांच्याकडे कोणी जात नाही, म्हणाले.

४ जानेवारी १९३२. मुंबईत गावदेवीला मणिभवनच्या गच्चीवर गांधींचा मुक्काम होता आणि एल्विन, त्याचा मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे वगैरे मंडळी तिथेच झोपली होती. पहाटेच्या अंधारात पोलीस आले. सोमवार होता, गांधींचा मौनवार. त्यामुळे अटकेची सगळी बोलणी चिठ्ठ्यांवर झाली. सामान बांधलं जात असताना त्यांनी एल्विनलाही एक चिठ्ठी लिहिली. तिचा आशय असा, की तुझ्या देशबांधवांना तूच सांग, माझं त्यांच्यावर माझ्या देशबांधवांइतकंच प्रेम आहे. एका इंग्रज पाद्र्याच्या हाती इंग्रजांसाठी दिलेला हा निरोप, तोही इंग्रजांचे पोलीस दारात उभे असताना.

महिनाभरात एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला पोचले. मैकल डोंगररांगेतलं गोंडांचं गाव, आता दिंडोरी जिल्ह्यात येतं. झोपडी बांधली, छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, बांधलं, औषधं द्यायला सुरुवात केली, शाळा काढली.

आणि इथे तो परवाना आडवा आला. पुण्यात असताना एल्विन मुंबईच्या बिशपच्या हद्दीत होता. मंडला नागपूरच्या धर्मप्रांतात. हद्द बदलली. नागपूरचे बिशप होते अलेक्स वुड. त्यांनी सांगितलं, परवाना हवा असेल तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागेल. एल्विन म्हणाला, काँग्रेसच्या लढ्यात मनाने उभा असताना सम्राटाशी निष्ठेची शपथ मी कुठल्या तोंडाने घेऊ? परवाना मिळाला नाही. म्हणजे ऑक्सफर्डमध्ये ज्याच्यासमोर भावी पाद्री बसत, त्याला स्वतःच्या झोपडीशेजारच्या चॅपलमध्ये भाकर-द्राक्षारस पवित्र करायची मुभा राहिली नाही. हात तेच होते, फक्त त्या हातांना नागपूर हद्दीत मान्यता नव्हती.

यात एक गंमत आहे. हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च १९३० सालीच कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं होतं. कागदावर ते आता राजाचं चर्च नव्हतं. पण शपथ आपली जागच्या जागी! सरकारी कचेरीत जुना फॉर्म जसा नव्या नियमानंतरही वर्षानुवर्षं भरून घेतात, तसा काहीसा प्रकार.

तरी बिशप वुड यांना खलनायक करायचं मला कारण दिसत नाही. त्यांची आणखी एक तक्रार होती, ती शपथेपेक्षा खोल. हा मनुष्य गोंडांमध्ये राहतो, पण कोणाला ख्रिस्ती करत नाही आणि करायची इच्छाही दाखवत नाही. बिशपच्या खुर्चीतून पाहिलं तर प्रश्न रास्त आहे: मग पाद्री कशासाठी? एल्विनचं उत्तर होतं की गोंडांकडे त्यांचं स्वतःचं आहे, ते काढून घेणारा मी कोण. ही दोन उत्तरं एका चर्चमध्ये मावणं कठीणच होतं. गांधींनी मात्र त्याला धीराचं पत्र लिहिलं. बिशपचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. सारी पृथ्वी तुझं व्यासपीठ, निळं आभाळ तुझ्या चर्चचं छप्पर, अशा अर्थाचं. सुंदर आहे ते. पण एका अँग्लिकन पाद्र्याला, ज्याच्या लेखी विधी ही जिवाभावाची गोष्ट, आभाळाच्या छपराने कितपत समाधान वाटलं असेल कोण जाणे.

मधल्या काळात सरकारनेही हिसका दाखवला. १९३२ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा परतीचा पासपोर्ट अडवला गेला आणि राजकारणात भाग घेणार नाही असं लिहून दिल्यावरच त्याला परत येता आलं. पाहा, बिशपसमोर जे तोंडाने म्हणायला त्याने नकार दिला, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी सरकारला लिहून द्यावं लागलं. करंजियाला परतायचं होतं, दुसरा इलाज नव्हता. १९३५ च्या अखेरीस त्याने चर्चला कळवून टाकलं की आपण आता त्यात नाही. तोवर श्रद्धाही विरत गेली होती. परवान्याच्या नकाराने श्रद्धा गेली की श्रद्धा जात होती म्हणून परवान्यासाठी फार झगडला नाही, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

इंग्लंडमध्ये पाद्रीपद सोडण्यासाठी १८७० पासून कायदा आहे. एक दस्त करायचा, बिशपकडे नोंदवायचा, की माणूस कायद्याने सामान्य नागरिक. त्याआधी पाद्र्याला ना पार्लमेंटवर निवडून जाता येई, ना धड दुसरा धंदा करता येई. पण हा कायदाही फक्त हक्क आणि बंधनं काढतो. डोक्यावर हात ठेवून दिलेल्या दीक्षेला तो हात लावत नाही.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत असलेलं, म्हणून भराभर सांगतो. १९३९ मध्ये बैगांवरचा ग्रंथ, मग अगरिया, मग बस्तरचे मुरिया आणि त्यांचं घोटुल, म्हणजे तरुण मुलामुलींचं एकत्र राहायचं घर. मानववंशशास्त्राची पदवी नसताना. मुंबई विद्यापीठातले घुर्ये, मूळचे मालवणचे, यांनी १९४३ साली त्याच्या भूमिकेवर कडक टीका केली: आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना वेगळं कुंपण घालून ठेवू नका. एल्विनचं म्हणणं, बाहेरचा सावकार, ठेकेदार आणि सुधारक यांच्यापासून त्यांना आधी वाचवा.

१९४० मध्ये त्याने कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केलं. ती त्याच्याहून कितीतरी लहान होती. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. आत्मचरित्रात त्याने हा भाग मोजक्या ओळींत आटोपला आहे आणि कोसीची बाजू त्यात येत नाही. गोंडांबद्दल शेकडो पानं लिहिणाऱ्या माणसाकडून ही काटकसर मला बोचते. पुढे त्याने परधान या आदिवासी जमातीतल्या लीलाशी संसार केला.

१९५४ मध्ये तो भारताचा नागरिक झाला. त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाचा, म्हणजे आजच्या अरुणाचलचा, आदिवासी विषयांचा सल्लागार म्हणून शिलाँगला गेला. नागरिक होताना नव्या देशाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते, ती त्याने घेतली. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत तो गेला आणि बौद्ध पद्धतीने त्याचे अंत्यसंस्कार झाले. आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

चर्चच्या हिशेबाने चितेवर ठेवलेला तो देह एका प्रीस्टचाच होता. परवाना ३२ वर्षांपूर्वी नाकारलेला, चर्च २८-२९ वर्षांपूर्वी सोडलेलं, पण डोक्यावर ठेवलेले ते हात कोणी उचलले नव्हते.

आणि ज्या चर्चचा परवाना त्याला मिळाला नाही, त्या नावाचं चर्चही आता इथे नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या अँग्लिकनांनी इतर काही प्रोटेस्टंट पंथांबरोबर मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं, महाराष्ट्रातल्या जुन्या अँग्लिकन मंडळ्या त्यातच गेल्या. तो समारंभ झाला नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात. बिशप वुड यांची खुर्ची होती ते हेच कॅथीड्रल.